येडीची जागा

मंडळाच्या अध्यक्षीणबाई आमच्या मेंढीच्या पाया पडल्या, आणि आमचा डोंगर आम्हाला परत मिळाला.

असं काही घडलेलं नाही. ऑगस्टमधल्या त्या शनिवारी जे झालं तो 'कार्यक्रमातला किरकोळ बदल' होता, असं पेंबरसाहेबांनी सगळ्यांना सांगितलं आहे. आमच्या हॉगरिगमध्ये शिकलेल्या माणसाचा शब्द कोणी खाली पडू देत नाही. त्यामुळे काही झालंच नाही असं धरून, जे झालं नाही ते मी पहिल्यापासून सांगते.

हॉगरिग म्हणजे चार घरं, एक चॅपेल आणि एक लाल टेलिफोनचा खोका. खोक्यात फोन नाही, अंडी असतात. अंडी माझ्या मेव्हिसआत्याची. पूर्वी लोक खोक्यात शिरून 'हॅलो, हॅलो' करायचे आणि पलीकडून कोणी बोलायचं नाही. आता निदान अंडी तरी मिळतात. खाली ओढ्याकाठी पडका मठ आहे, तिथे तिकीट लागतं. वर डोंगरावर बायका आहेत, तिथे तिकीट लागत नाही, दम लागतो.

बायका म्हणजे दगड. गोल करून उभे. कोणे एके काळी या बायका रविवारी, प्रार्थनेच्या वेळेला कपडे धुवायला बसल्या आणि साबणावरून भांडल्या, म्हणून त्यांचे दगड झाले, असं चॅपेलात सांगतात. भांडकुदळ बायका हे त्यांचं पूर्ण नाव. उंची गुडघ्याएवढी. दुसऱ्या गावांचे जुने दगड दोन-दोन पुरुष उंच असतात, पण त्या गावांत उभ्याने भांडत असतील. लांबून आलेले पाहुणे धापा टाकत वर चढतात, बघतात आणि म्हणतात, "एवढेच?" मी लहानाची मोठी झाले ती हे 'एवढेच?' ऐकत.

त्या डोंगरावर आमच्या मेंढ्या. डोंगराला कुंपण नाही, कधी नव्हतं. आमची मेंढी डोंगराला 'लागलेली' असते. आई कोकराला घेऊन फिरते, कुठलं गवत कधी गोड होतं, वारा सुटला की कुठल्या कड्याआड बसायचं, कुठून पुढे जायचं नाही, हे दाखवते. ते कोकरू मोठं झालं की आपल्या कोकराला दाखवतं. ही शाळा मठापेक्षा जुनी. मठ पडला, शाळा चालू आहे. फक्त शिकवणाऱ्या आयाच डोंगरावरून गेल्या, तर शाळा संपली. मग नवीन मेंढ्या आणून सोडा, त्या चालत सुटतात त्या थेट हमरस्त्यावर गाड्यांखाली.

प्रत्येक मेंढीच्या घराण्याचा बायकांमध्ये एकेक दगड ठरलेला. दुपारी त्याला टेकून बसायचं, त्यालाच अंग घासायचं. दुसरीने तिथे बूड टेकलं की डोकी आपटतात. अपवाद एक, येडी. येडी दोन दगडांच्या मधे, जिथे काहीही नाही, तिथे जाऊन बसायची आणि हवेला अंग घासायची. तिची आईही तिथेच हवेला घासायची. तिचंही नाव येडीच होतं. तिच्या आईचंही. बाबा म्हणायचे, "हे घराणंच तसलं. पण लोकर चांगली देतात."

गेल्या सप्टेंबरात मंडळाचे अधिकारी पेंबरसाहेब पहिल्यांदा आले. डोंगर जमीनदाराच्या इस्टेटीकडून प्राचीन स्थळ मंडळाकडे गेल्याचं आम्हाला तेव्हाच कळलं. साहेबांचे बूट नवे होते आणि प्रत्येक पावलाला बोलत होते. माणूस वाईट नव्हता. चहा प्यायला, आत्याच्या केकला दोनदा 'छान' म्हणाला आणि मग म्हणाला, "मिस्टर ऑल्डरसन, तुमच्या मेंढ्या स्मारकाला अंग घासतात."

"घासतात," बाबा म्हणाले.

"दगडांवर निळा रंग लागलाय."

मेंढी कोणाची हे कळायला पाठीवर खूण करतात. आमची खूण निळी, माझ्या पणजोबांपासून.

"मग लाल लावू का?" बाबांनी विचारलं. त्यांना खरंच वाटलं, साहेबांना रंग आवडला नाही.

"रंगाचा प्रश्न नाही. मेंढ्या खाली न्याव्या लागतील. प्रायोगिक तत्त्वावर."

"किती दिवस?"

"प्रयोग संपेपर्यंत."

"आणि संपतो कधी?"

"ते प्रयोगातून कळेल," साहेब म्हणाले, आणि बूट वाजवत गेले.

कुत्रा घेऊन बाबांनी मेंढ्या खाली आणल्या. पाऊस आडवा लागत होता. बाबांनी वाटेत एकदाही शीळ वाजवली नाही, नुसत्या हाताने निपला खुणा केल्या. निप म्हातारं कुत्रं, त्यालाही काहीतरी बिनसलंय हे कळलं असावं. तो कोणालाच चावला नाही, हे त्याच्या स्वभावात नाही.

जागा दिली बर्ट हॅगार्थने. मठाच्या भिंतीला लागून त्याचं कुरण, ते पुढच्या सप्टेंबरपर्यंत. बर्ट बाबांचा शाळेपासूनचा मित्र, म्हणजे बाबांचं वाईट झालं की पहिला तो येतो.

"डोंगरावरचे राजे खाली आले रे," तो कुरणाच्या दगडी गडग्यावर कोपर टेकून म्हणाला. "आता तिकीट काढून मठ बघ, डेनिस."

"तुझं थोबाड फुकट दिसतंय, तेवढं पुरे," बाबा म्हणाले.

मेंढ्यांना कुरण मानवलं नाही. गवत भरपूर होतं, पण तोंडं सगळ्यांची डोंगराकडे. येडी तर राहीचना. आज गडग्याला भगदाड पाडून निघाली, उद्या फाटकाखालून. एकदा मठातून गेली, चहाच्या दुकानातून. आत पुढच्या दाराने शिरली, मागच्या दाराने बाहेर पडली, मधे एका बाईचा स्कोन, म्हणजे चहाबरोबरचा गोड पाव, खाल्ला. प्रत्येक वेळी बाबा तिला डोंगराच्या पायथ्याशी गाठायचे, खांद्यावर टाकायचे आणि परत आणायचे. भिजलेली मेंढी उचलणं म्हणजे भिजलेली गादी उचलणं, फक्त गादी लाथा मारत नाही. बाबांची कंबर त्या हिवाळ्यात गेली. मग दिवसभर कोसळलेला गडगा रचायचा. थंडीने दगड बोटांना चिकटायचे. मी एक बाजू रचायचे, ते दुसरी. बर्ट येऊन म्हणायचा, "मठ ज्यांनी बांधला त्यांच्याकडून शिकायला हवं होतं."

"त्यांचा पडलाय," मी म्हणायचे.

एप्रिलमध्ये कोकरं झाली आणि खरी पंचाईत झाली. आई जे दाखवेल ते कोकरू शिकतं. इथे दाखवायला होतं काय? चहाचं दुकान. मे उजाडेपर्यंत आमची नवी पिढी मठाच्या चहाच्या दुकानाला लागली. दुपारी घंटा वाजली की सगळी कोकरं ओळीने गडग्याशी उभी. पाहुणे फोटो काढायचे, स्कोनचे तुकडे टाकायचे. मुरंब्याचा असेल तर कोकरं पुढे, नुसता असेल तर मागे.

बाबा ते बघत उभे होते. टोपी काढून त्यांनी आतलं अस्तर न्याहाळलं, जसं काही तिथे काही लिहिलंय.

"हेटी," ते म्हणाले, "सप्टेंबरच्या बाजारात नावं घातली आहेत."

"कोणाची?"

"सगळ्यांची. बर्टचं कुरण संपतंय. दुसरीकडे गवत नाही."

"आणि डोंगर?"

"दाखवणाऱ्याच गेल्या की डोंगर कोणाचा? नुसता उंचवटा."

आत्या स्वयंपाकघरातून ओरडली, "डेनिस, तू विकलीस ना मेंढरं, तर मीही तुला त्याच दिवशी बाजारात उभा करते. बघू कोण बोली लावतं."

जुलैत लोकर कातरली. बाबांनी यंत्र काढलं नाही, जुनी कातरणी घेतली. शेवटचीच वेळ असेल तर सावकाश होऊ दे, असं काहीतरी असावं. येडीची लोकर एका अखंड चादरीसारखी निघाली. ती उठली, अंग झाडलं आणि उघडीवाघडी डोंगराकडे तोंड करून उभी राहिली.

ऑगस्टमध्ये पेंबरसाहेब परत आले. बूट आता बोलत नव्हते, साहेबही फारसे नाही. ते टेलिफोनच्या खोक्यापाशी बराच वेळ उभे राहिले, अंडी घेतली, मग आमच्या दारात आले.

"मिस्टर ऑल्डरसन, एक किरकोळ मदत हवी होती. शनिवारी बायकांचं उद्घाटन आहे. नवीन माहितीफलक, नवीन पायवाट. अध्यक्षीणबाई येताहेत. पाहुणे आहेत. वाद्यवृंद आहे."

"मग?"

"बायका सापडत नाहीत."

आत्याने चहाची किटली तशीच धरून ठेवली. खाली ठेवली तर हसू सांडलं असतं.

झालं होतं असं की मेंढ्या गेल्या आणि डोंगरावर नेचं, म्हणजे फर्नचं रान, माजलं. मेंढी नेचं खात नाही, पण बसून, तुडवून दाबून ठेवते. आता ते माणसाच्या छातीपर्यंत आलं होतं आणि आमच्या बायका गुडघ्याएवढ्या. साहेबांच्या नकाशावर वर्तुळ म्हणजे एक ठिपका, आणि ठिपक्याखाली सगळं माळरान. यंत्राने कापावं तर पातं दगडाला लागेल म्हणून मनाई. मनाई मंडळाचीच, सही पेंबरसाहेबांची.

बाबा उठले. कंबर धरून, पण उठले. गेल्या सप्टेंबरनंतर पहिल्यांदाच ते मला उंच वाटले.

"डोळे बांधून दाखवतो," ते म्हणाले.

आम्ही वर गेलो. बाबा पुढे, आकडीच्या काठीने नेचं बाजूला सारत. "इथे," म्हणाले आणि काठी मारली. काठी मातीत गेली. "मग इथे." तिथेही माती. पुढे गेले, मागे आले, डावीकडे वळले. आमच्यामागे बर्ट आला होता, बोलावलं नव्हतं तरी.

"डोळे बांधलेलेच बरे होते, डेनिस."

बाबा वाकून हाताने चाचपडत पुढे गेले. नेच्यातून त्यांची टोपी तेवढी दिसत होती. ती इकडे जायची, तिकडे जायची, मग थांबली. मी गेले तर ते खाली बसले होते. चेहरा लाल, श्वास लागलेला, मिशीवर नेच्याचा भुगा.

"मी त्यांच्याकडे कधी बघितलंच नाही गं," ते म्हणाले. "जन्म गेला इथे, पण मी मेंढ्या बघायचो. मेंढ्या बसल्या की बायका तिथे. मेंढ्यांनाच माहीत. मला काय माहीत?"

साहेब टाचा उंच करून आजूबाजूला बघत होते. तेवढ्यात आत्या वर पोचली. एका हातात घडी घातलेली छत्री, दुसऱ्यात कालची सँडविचं. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग ज्यांना माहीत आहे त्यांना विचारा."

"मेंढ्यांना वर आणणं नियमात बसत नाही," साहेब म्हणाले.

"मग नियमाला बसवा इथे आणि त्यालाच शोधायला सांगा."

साहेबांनी छातीएवढं नेचं दोन्ही हातांनी बाजूला सारून बघितलं. शेवटी म्हणाले, "मेंढ्या म्हणून नाही आणता येणार. शोधपथक म्हणून आणता येईल."

"पगार?" आत्याने विचारलं.

"मानद."

शनिवारी दुपारी बाबांनी बर्टच्या कुरणाचं फाटक उघडलं. निपला बांधून ठेवलं होतं, हाकायचं नाही म्हणून. येडी आधीच फाटकाशी उभी होती, जसं काही तिला निमंत्रणपत्रिका गेली होती. ती निघाली. तिच्यामागे म्हाताऱ्या, मग मधल्या, एका ओळीत, ओढा ओलांडून, चॅपेलाच्या बाजूने. पळाली कोणीच नाही. घरी जाताना कोणी पळत नाही.

कोकरं मात्र गडग्याशीच थांबली. मठात चहाची घंटा वाजली होती.

आया वर, पोरं स्कोनला. वर जाऊन बायका सापडल्या तरी उपयोग काय? बाबा कोकरांकडे बघत होते. मी हाकायला धावणार, तोच त्यांनी मला दंडाला धरलं.

"नको. हाकलेलं कोकरू डोंगर शिकत नाही."

येडी चढणीवर पोचली होती. ती वळली, खाली बघितलं आणि ओरडली. एकदाच. आवाज तिचा नेहमीच घोगरा, चॅपेलातल्या पेटीसारखा. खाली एका कोकराने मुरंब्याचा तुकडा तोंडातून टाकला आणि धावत सुटलं. मग दुसरं. मग सगळी, पाय झाडत, एकमेकांवर आपटत. दोन राहिली. ती अजूनही चहाच्या दुकानाला लागलेली आहेत, त्यांचा विषय पुढे येईल.

वर पाहुणे जमले होते. अध्यक्षीणबाईंच्या टोपीला मोठी पिसं होती. वाद्यवृंदाने सूर लावला होता. माहितीफलकावर लिहिलं होतं, 'येथून वर्तुळाचे विहंगम दृश्य'. समोर नेचं.

"पेंबर," अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "एवढंच?"

तेवढ्यात मेंढ्या आल्या. पाहुण्यांकडे ढुंकूनही न बघता नेच्यात शिरल्या. नेच्याचे शेंडे हलले, इथे एक ओळ, तिथे एक ओळ. मग एकेक ओळ थांबली. खाली अंग टाकल्याचा आवाज, नेचं मोडल्याचा आवाज, आणि मग घासण्याचा. खर्र, खर्र. वर्षभराची खाज. एका ठिकाणी नेचं आडवं झालं आणि त्यातून राखाडी डोकं वर आलं, निळा डाग असलेलं. मग पलीकडे दुसरं. दोन मेंढ्यांची जागेवरून डोकी आपटली आणि त्यांच्यामधून तिसरं निघालं. बघता बघता भांडकुदळ बायका गोल करून आपापल्या जागी बसलेल्या दिसू लागल्या, प्रत्येकीशेजारी एक मेंढी, मेंढीशेजारी कोकरू.

टाळ्या वाजल्या. वाद्यवृंद घाईघाईने चुकीचं गाणं वाजवू लागला. साहेब बोटाने मोजत होते. बर्ट माझ्या शेजारी येऊन पुटपुटला, "ह्या डोंगरात तुझ्या बापापेक्षा मेंढ्यांना जास्त कळतं."

"बाबाही तेच म्हणतात," मी म्हटलं.

"सगळे सापडले!" साहेब ओरडले. मग त्यांचं लक्ष गेलं. "ती एक तिथे काय करते? तिथे काही नाही."

येडी दोन दगडांच्या मधे उभी होती. हवेला अंग घासत.

"ती येडी आहे," बाबांनी समजावलं. "घराण्याचंच तसं."

"फोटोत येते आहे. जरा हलवा."

बाबा गेले, तिला ढकललं. ती हलली नाही. मी ढकललं. तिने चारी पाय रोवले. कातरलेल्या अंगाखाली तिचे स्नायू दोरासारखे उभे राहिले. "अगं चल, मोठी माणसं आली आहेत," मी तिच्या कानात म्हटलं. तिने माझ्या बुटावर पाय दिला.

"असू दे, असू दे," अध्यक्षीणबाई प्रेमाने म्हणाल्या आणि तिला थोपटायला पुढे आल्या. पिसं हलली, हात पुढे झाला, बुटाचं टोक कशाला तरी अडकलं, आणि त्या पूर्ण लांबीने येडीच्या चार पायांसमोर आडव्या झाल्या.

वाद्यवृंद थांबला. येडीने पिसांचा वास घेतला.

सगळे धावले. पण बाई उठायला तयार नाहीत. "थांबा," त्या खालूनच म्हणाल्या. "हात लावू नका मला. इथे काहीतरी आहे. सरळ काठ आहे." आणि त्या पांढरे हातमोजे घातलेल्या हातांनी मुळं उपटायला लागल्या.

बाबा गुडघ्यांवर बसले. कमरेचं त्यांना आठवलंही नाही. साहेब बसले. मी बसले. शिव्या देत बर्टही बसला. हाताने गवताचा थर सोलला, कातरलेल्या लोकरीसारखा तो सलग निघत गेला. खाली दगड होता. आडवा पडलेला, लांब, इतरांसारखाच राखाडी. किती पूर्वी पडला कोणाला माहीत. नकाशात नव्हता. जुन्या चित्रात नव्हता. चॅपेलातल्या गोष्टीतसुद्धा नव्हता.

साहेबांनी नाक पुसलं, सगळी माती नाकाला. बाबा येडीकडे बघत होते. ज्या दगडाला तो उभा असताना तिच्या कुठल्यातरी पणजीच्या पणजीने अंग घासलं होतं, तो पडला, गाडला गेला, माणसं विसरली. मेंढ्यांनी मात्र जागा सोडली नाही. आई लेकीला दाखवत राहिली, इथे. इथे घास. आणि आम्ही त्यांना वेडं म्हणत आलो.

"एवढ्यांत हीच एक शहाणी," आत्या दगडाकडे बघून म्हणाली. "भांडण रंगल्यावर आडवी झाली."

येडीचं कोकरू, मुरंबा टाकून पहिलं धावलं होतं तेच, पुढे आलं. नव्या दगडाचा वास घेतला, त्यावर चढलं, दोनदा गोल फिरलं आणि बसलं. आईने बाजूला अंग टेकलं. हवेला नाही.

बाबांनी टोपी काढली. टोपी काढून ते मेंढीपुढे उभे राहिले, जसे चॅपेलात राहतात. मग ते हसले. त्यांचे मागचे दात कधी पडले हे मला त्या दिवशी कळलं, इतकं मोठं हसले. त्यांनी शीळ घातली. खाली हॉगरिगमध्ये बांधलेला निप भुंकला, ते वरपर्यंत ऐकू आलं.

"बाजारातली नावं काढतो," ते बर्टला म्हणाले.

"काढ," बर्ट म्हणाला. "माझं कुरण तुझ्या स्कोनखाऊंनी नासवलंय, तेही बघ." पण त्याने बाबांच्या पाठीवर मातीचा हात मारला. तो पंजा अजून कोटावर आहे. आत्या धुवू देत नाही.

अध्यक्षीणबाई तिथेच बसून सँडविच खात होत्या. म्हणाल्या, "पेंबर, शोधपथक कायम राहू दे. अजून काय काय सापडेल सांगता येत नाही."

"पण बाई, मेंढ्यांना मनाई..."

"मेंढ्या कुठे आहेत?" बाईंनी चोहीकडे बघत विचारलं. मेंढी त्यांच्या मांडीला टेकली होती. "मला तर दिसत नाहीत."

तेव्हा आमच्या मेंढ्या डोंगरावर परत गेलेल्या नाहीत, कारण कागदावर त्या कधी उतरल्याच नव्हत्या. दगड मंडळाला नियमित पाहणीत सापडला. पाहुणे आता 'एवढेच?' म्हणत नाहीत. 'अजून एक कुठला?' म्हणतात, आणि बाबा येडीकडे बोट दाखवतात. काही घडलेलं नाही, म्हणून कोणाचीच तक्रार नाही. तरी बाबांनी, आत्याने आणि मी मिळून एक अर्ज केला आहे. तो असा:

प्रति, मा. अध्यक्ष, प्राचीन स्थळ मंडळ. विषय: नावात दुरुस्तीबाबत. महोदया, मौजे हॉगरिग येथील मेंढी नामे येडी, खूण निळी, हिने आपल्या मंडळाकरिता न घडलेल्या कार्यक्रमात जी मानद सेवा बजावली, ती विचारात घेऊन खालीलप्रमाणे आदेश व्हावेत. मठाच्या चहाच्या दुकानाला लागलेली दोन कोकरे सदर दुकानाचा कायमस्वरूपी भाग समजून त्यांना संरक्षित स्मारकाचा दर्जा द्यावा व मुरंबा चालू ठेवावा. तसेच सदर मेंढी, तिची आई, तिची आजी व त्यामागील सर्व मयत पिढ्या, ज्यांना या कुटुंबाने माहितीअभावी एकाच नावाने हाक मारली, त्या सर्वांचे नाव 'येडी' ऐवजी 'शहाणी' असे, दगड पडला त्या दिवसापासून, पूर्वलक्षी प्रभावाने बदलून द्यावे, आणि तसे त्या प्रत्येकीस समक्ष कळवावे, ही नम्र विनंती.